लार्बी बेन बारेक : वर्ल्ड कप न खेळलेला बादशाह

डिसेंबर २०२२ मधली ती रात्र आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये मोरोक्को विरुद्ध स्पेन. एकशे वीस मिनिटं झाली, गोल नाही, मग पेनल्टी. अशरफ हकीमीने शेवटचा बॉल अगदी अलगद गोलच्या मधोमध टाकला आणि कित्येक घरांत झोपलेली मुलं आरडाओरड्याने उठली. पुढे मोरोक्कोने पोर्तुगाललाही घरी पाठवलं आणि सेमी फायनल गाठली. आफ्रिकेतल्या कुठल्याही देशाला तोपर्यंत हे जमलं नव्हतं. सेमी फायनलमध्ये फ्रान्सने २-० ने हरवलं, तरी त्या टीमचं कौतुक काही कमी झालं नाही.

त्या टीमच्या २६ खेळाडूंपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. हकीमी स्वतः माद्रिदचा. युरोपात जन्मून, तिथेच खेळ शिकून ही पोरं आईवडिलांच्या देशाची जर्सी घालायला आली होती. आज आम्ही ज्याची गोष्ट सांगणार आहोत, त्याच्या काळात हा रस्ता बरोबर उलटा होता. तो कासाब्लांकात जन्मला, कासाब्लांकातच वारला, आणि मधल्या वर्षांत त्याने नाव कमावलं ते फ्रान्सच्या आणि स्पेनच्या मैदानांवर. फ्रान्सची जर्सी घातली, कारण मोरोक्कोची अशी जर्सीच अजून शिवली गेली नव्हती. देश गुलाम होता.

त्याचं नाव लार्बी बेन बारेक. हे फ्रेंच वळणाचं रूप झालं. अरबीतून वाचलं तर अल-अरबी बिन मुबारक, म्हणजे मुबारकचा मुलगा अरबी. आपल्या कानाला हे नाव किती ओळखीचं वाटतं बघा. पण जगाने ज्या नावाने टाळ्या वाजवल्या, तेच आपण इथे वापरू.

कासाब्लांकाचा पोरगा

कासाब्लांकाला अरबीत दार अल-बैदा म्हणतात, पांढरं घर. १९१२ साली मोरोक्कोवर फ्रान्सचा अंमल बसला. सुलतान गादीवर होता, पण सत्ता फ्रेंचांच्या हातात. उत्तरेचा एक पट्टा स्पेनकडे. कासाब्लांकात फ्रेंचांनी मोठं बंदर बांधलं, रुंद रस्ते आखले, आणि गावोगावचे गरीब कामाच्या शोधात तिथे येऊन राहिले. आपल्याकडे कोकणातून, देशावरून माणसं मुंबईला आली तसंच काहीसं.

अशाच एका गरीब घरात लार्बी जन्मला. कधी? काही ठिकाणी १९१४ लिहिलेलं आहे, काही ठिकाणी १९१७. गरिबाच्या पोराच्या जन्माची नोंद ठेवायला त्या काळी तिथे कोण बसलं होतं? आपल्या आजोबांच्या पिढीतही शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिलेले किती तरी लोक होते. पण फुटबॉलमध्ये तीन वर्षांचा फरक मोठा असतो. पुढे तो चाळिशीला टेकला तेव्हा तो नेमका किती वर्षांचा आहे, ही पॅरिसच्या वर्तमानपत्रांची आवडती चर्चा झाली.

वडील लवकर गेले. पोर अनवाणी गल्लीत खेळत वाढलं. पोटासाठी सुतारकाम शिकलं. आधी इदेआल नावाच्या छोट्या क्लबमध्ये खेळला आणि तिथून यू.एस. मारोकेन या कासाब्लांकाच्या नावाजलेल्या क्लबने त्याला उचललं. हा क्लब फ्रेंच लोकांचा. त्यात एका गरीब, काळ्या, मुसलमान मुलाला जागा मिळाली ती निव्वळ पायातल्या करामतीवर.

याच क्लबात त्याच्यासोबत फुटबॉल खेळणारा एक दोस्त होता, मार्सेल सेर्दां. सेर्दां पुढे बॉक्सिंगकडे गेला आणि १९४८ मध्ये मिडलवेटचा जगज्जेता झाला. पुढच्याच वर्षी विमान अपघातात वारला. कासाब्लांकाची दोन पोरं, एक ग्लोव्हज घालून आणि एक बूट घालून, एकाच काळात फ्रान्सच्या पहिल्या पानांवर झळकत होती. आणि हो, अनेक वर्षांनी याच यू.एस. मारोकेनमधून आणखी एक पोरगा वर आला, मराकेशमध्ये जन्मलेला जुस्त फाँतेन. त्याने १९५८ च्या एकाच वर्ल्ड कपमध्ये १३ गोल केले आणि तो विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही.

१९३७ मध्ये मोरोक्कोतल्या निवडक खेळाडूंची टीम फ्रान्सच्या ‘ब’ टीमशी खेळली. त्यात बेन बारेकचा खेळ पाहून फ्रेंच क्लबांचे डोळे विस्फारले. १९३८ च्या उन्हाळ्यात तो समुद्र ओलांडून मार्सेलला पोचला.

नेपल्सची संध्याकाळ

मार्सेल हे बंदराचं शहर. उत्तर आफ्रिकेतून येणारी बोट तिथेच लागते. तिथल्या ओलिंपिक मार्सेल या क्लबच्या प्रेक्षकांनी त्याला पहिल्या सीझनपासून डोक्यावर घेतलं. तो इनसाइड फॉरवर्ड होता. म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या जरा मागे राहून खेळ रचायचा आणि संधी मिळाली की स्वतः गोलही मारायचा. आजच्या भाषेत दहा नंबर म्हणा हवं तर. उंच, भरदार शरीर, पण बॉल पायाला चिकटल्यासारखा. छातीवर बॉल घेऊन तो जमिनीवर पडायच्या आत पुढची चाल सुरू करायचा. ताकद आणि नजाकत सहसा एका माणसात येत नाही. त्याच्यात आली होती. त्या सीझनला मार्सेल लीगमध्ये दुसरं आलं.

वर्तमानपत्रांनी त्याला काळा मोती हे नाव दिलं. कौतुकाचंच नाव होतं ते, आम्हाला मान्य आहे. पण कौतुक करतानाही आधी कातडीचा रंग सांगावा लागत होता, हेही तितकंच खरं. पुढे हेच नाव पेलेला लावलं गेलं. गोऱ्या खेळाडूला कधी कोणी गोरा मोती म्हटल्याचं आमच्या ऐकण्यात नाही.

मार्सेलला येऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच त्याला फ्रान्सच्या राष्ट्रीय टीमचं बोलावणं आलं. ४ डिसेंबर १९३८. मॅच नेपल्सला, इटलीविरुद्ध. इटली तेव्हा जगज्जेती. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समध्ये भरलेल्या वर्ल्ड कपमध्ये इटलीने यजमान फ्रान्सला बाहेर काढलं होतं, तेही काळे शर्ट घालून. काळा शर्ट म्हणजे मुसोलिनीच्या फॅसिस्टांचा पोशाख. तीन वर्षांपूर्वी याच मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला होता, आणि १९३८ च्या त्याच हिवाळ्यात इटलीत वंशाच्या नावावर काळे कायदे लागू होत होते. अशा देशात, अशा गर्दीपुढे, आफ्रिकेतला एक काळा मुसलमान फ्रान्सचा निळा शर्ट घालून उतरला.

गर्दीने शिट्ट्या मारल्या, हुर्यो उडवली. सांगतात की फ्रान्सचं राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा बेन बारेक सगळ्यांत मोठ्याने गायला. हा किस्सा फ्रान्समध्ये फार आवडीने सांगितला जातो. का आवडीने, तेही समजण्यासारखं आहे. ज्या देशाने त्याचा देश ताब्यात घेतला होता, त्या देशाला हे ऐकायला गोडच वाटणार. आम्हाला मात्र वाटतं की शिट्ट्या मारणाऱ्या हजारो लोकांसमोर एकटं पडलेल्या माणसाने ते गाणं कशासाठी गायलं, याची उत्तरं एकापेक्षा जास्त असू शकतात. मॅच इटलीने १-० ने जिंकली. पण बेन बारेकची जागा पक्की झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. वर्ल्ड कप जूनमध्ये संपला आणि याची पहिली मॅच डिसेंबरमध्ये झाली. सहा महिन्यांनी हुकला. त्याच्या नशिबाची ही रीतच होऊन बसली.

युद्धाने खाल्लेली वर्षं

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. बेन बारेक कासाब्लांकाला परतला आणि पुढची सहा वर्षं आपल्या जुन्या क्लबसाठी खेळला. तिथे स्पर्धा होत होत्या, तो त्या जिंकतही होता, पण जगाचं लक्ष तिथे नव्हतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकी फौजा मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उतरल्या. जानेवारी १९४३ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल कासाब्लांकात येऊन युद्धाची आखणी करून गेले. त्या शहराचं नाव जगभर झालं, आणि त्याच शहरातला सगळ्यांत मोठा खेळाडू त्याच वर्षांत जगाच्या नजरेआड राहिला.

खेळाडूचं आयुष्य छोटं असतं. पंचविशी ते तिशी ही त्याची मलईची वर्षं. बेन बारेकची ती वर्षं गेली. १९४२ चा वर्ल्ड कप झाला नाही, १९४६ चाही नाही. इतर कित्येकांचीही गेली, आणि त्यांतल्या अनेकांचा तर जीवच गेला, हे विसरून चालणार नाही. पण इतर बहुतेक जण युद्धानंतर परत उभे राहू शकले नाहीत. हा राहिला.

१९४५ मध्ये पॅरिसच्या स्ताद फ्राँसे या क्लबने त्याला बोलावलं. कोच होता एलेनियो एरेरा. हा एरेरा म्हणजे अजब माणूस. जन्म अर्जेंटिनात, स्पॅनिश आईबापाच्या पोटी, आणि वाढला कुठे, तर कासाब्लांकात. बेन बारेकच्याच गल्लीबोळांचं त्यालाही माहीत होतं. पुढे इटलीतल्या इंटर मिलान क्लबला त्याने १९६४ आणि १९६५ असा सलग दोनदा युरोपियन कप जिंकून दिला आणि जगातल्या सर्वांत नावाजलेल्या कोचांमध्ये त्याची गणना झाली. पण त्या मोठेपणाची सुरुवात पॅरिसमध्ये, बेन बारेकला हाताशी धरून झाली होती. स्ताद फ्राँसे १९४६ मध्ये पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचला आणि पॅरिसचे लोक रविवारी मैदानावर जाऊ लागले ते याला पाहायला.

१९४८ मध्ये पैशाच्या अडचणीतल्या क्लबने त्याला माद्रिदच्या अॅतलेतिकोला विकलं. किंमत १ कोटी ७० लाख जुने फ्रँक. त्या काळी ही रक्कम ऐकून लोकांनी तोंडात बोटं घातली. फ्रान्समध्ये हळहळ झाली. आयफेल टॉवर विका, विजयाची कमान विका, पण बेन बारेकला विकू नका, अशा अर्थाचं वर्तमानपत्रात छापून आलं. विचार करा. ज्या माणसाच्या जन्माची धड नोंद नव्हती, त्याची तुलना आता देशाच्या स्मारकांशी होत होती.

माद्रिदमध्ये मोरोक्कोचा माणूस

अॅतलेतिको हे नाव आपल्याकडच्या पोरांना माहीत आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगचा पहिला सीझन जिंकणाऱ्या कोलकात्याच्या टीमशी याच माद्रिदच्या क्लबची भागीदारी होती, म्हणून ती लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी आपण टीव्हीवर पाहिली.

पण १९४८ च्या माद्रिदमध्ये मोरोक्कोच्या माणसाने येणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यासाठी थोडं मागे जायला हवं. १९३६ ते १९३९ स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं होतं. जनरल फ्रँकोने आपल्या बाजूने लढायला स्पेनच्या ताब्यातल्या मोरोक्कोतून हजारो सैनिक आणले होते. गरिबीने गांजलेली ही माणसं पगारासाठी दुसऱ्याच्या लढाईत उतरली होती. माद्रिद शहर तीन वर्षं फ्रँकोविरुद्ध लढत राहिलं, आणि तिथल्या लोकांच्या मनात मोरो हा शब्द भीतीचा आणि रागाचा झाला. मोरो म्हणजे मोरोक्कोचा, मुसलमान. युद्ध संपून नऊच वर्षं झाली होती. आणि क्लब कोणता? युद्धानंतर ज्यात हवाई दलाची टीम विलीन झाली आणि जो १९४७ पर्यंत अॅतलेतिको अॅव्हिएशन या नावाने खेळत होता, तो.

अशा शहरात तो गेला आणि पाच वर्षं राहिला. कुठल्याही भाषणाने जे झालं नसतं ते त्याच्या खेळाने काही प्रमाणात केलं. मेत्रोपोलितानो स्टेडियमवर ज्या लोकांच्या घरांत मोरो शब्द शिवीसारखा वापरला जायचा, तेच लोक दर रविवारी एका मोरोच्या पायांकडे डोळे लावून बसू लागले. तेवढ्याने मनं धुऊन निघाली असा आमचा दावा नाही. मैदानावरच्या टाळ्या मैदानाच्या गेटपर्यंतच येतात, हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? तरी मुलं गल्लीत खेळताना मी बेन बारेक, मी बेन बारेक म्हणून भांडू लागतात, तेव्हा काही तरी हललेलं असतंच.

१९४९ मध्ये एरेरा कोच म्हणून अॅतलेतिकोत आला आणि जुनी जोडी परत जमली. त्यांच्या हल्ल्याच्या फळीत पाच जण होते. हुन्कोसा, बेन बारेक, पेरेस-पाया, स्वीडनचा हेन्री कार्लसन आणि एस्कुदेरो. लोकांनी या फळीचं नाव काचेची फळी ठेवलं. आधीच्या फळीला रेशमी म्हणायचे. हे खेळाडू दिसायला चकाचक, पण सारखे जखमी व्हायचे, म्हणून काच. जखमी होऊनसुद्धा त्यांनी १९४९-५० ची लीग जिंकली आणि १९५०-५१ चीही. दुसऱ्या वेळी निकाल शेवटच्या दिवसावर गेला. सेव्हियाच्या मैदानावर हरायचं नव्हतं, आणि बरोबरी करून अॅतलेतिको चॅम्पियन झाला. रेआल आणि बार्सिलोनाच्या आजच्या गाजावाजात वाढलेल्या पोरांना सांगायला हवं की त्या दोन वर्षांत स्पेनचा बादशाह क्लब तिसराच होता आणि त्या क्लबचा मेंदू एक मोरोक्कन होता.

स्पेनच्या लीगमध्ये बेन बारेक ११३ मॅच खेळला आणि ५६ गोल केले. मुख्य काम गोल रचून देण्याचं असताना दर दोन मॅचला एक गोल. वय पस्तिशीच्या आसपास.

आणि फ्रान्सची राष्ट्रीय टीम? त्या सगळ्या वर्षांत तिने त्याला बोलावलं नाही. परदेशात खेळायला गेलेल्यांना विसरायचीच तेव्हा पद्धत होती. १९५० चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्ये झाला. फ्रान्सने तिथे टीमच पाठवली नाही. म्हणजे बोलावलं असतं तरी उपयोग नव्हता. आणखी एक हुकला.

ऑक्टोबर १९५४

१९५३ मध्ये तो मार्सेलला परतला. म्हातारा झाला, आता घरच्या मैदानावर निवांत निरोप घेईल, असा सगळ्यांचा अंदाज होता. मार्सेलला त्याने १९५४ च्या फ्रेंच कपच्या फायनलपर्यंत नेण्यात हात लावला, तिथे नीसने २-१ ने हरवलं. त्याच उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये वर्ल्ड कप झाला. टीव्हीवर दिसलेला पहिला वर्ल्ड कप. फ्रान्सच्या टीममध्ये बेन बारेक नव्हता. फ्रान्स पहिल्या फेरीत गारद झाला. पश्चिम जर्मनी जगज्जेती झाली.

मग ९ सप्टेंबर १९५४ ला अल्जेरियात भूकंप झाला. ओर्लेआंव्हील, म्हणजे आजचं श्लेफ शहर, उद्ध्वस्त झालं. हजाराहून जास्त माणसं मेली. मदतीसाठी पैसे उभे करायला पॅरिसमध्ये एक मॅच ठेवली गेली. एका बाजूला फ्रान्सची राष्ट्रीय टीम, दुसऱ्या बाजूला उत्तर आफ्रिकेच्या खेळाडूंची टीम. तारीख ७ ऑक्टोबर, मैदान पार्क दे प्रँस.

उत्तर आफ्रिकेची टीम म्हणजे अल्जेरिया, मोरोक्को, ट्युनिशियाची पोरं, फ्रान्सच्याच वेगवेगळ्या क्लबांत खेळणारी. कागदावर ती कुठल्याच देशाची टीम नव्हती. पण स्टेडियममध्ये पॅरिसच्या कारखान्यांतले उत्तर आफ्रिकी मजूरही बसलेले होते, आणि समोर आपल्या माणसांची टीम राज्यकर्त्यांच्या टीमशी भिडलेली होती. मदतीची मॅच होती खरी, पण मॅचच होती. उत्तर आफ्रिकेने ती ३-२ ने जिंकली. आणि मैदानावरचा सगळ्यांत मोठा खेळाडू कोण, तर सदतीस म्हणा नाही तर चाळीस म्हणा, तो बेन बारेक.

आमच्या मते त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यांत मोठी मॅच. वर्ल्ड कप नव्हे, लीगची फायनल नव्हे. ना तिला कप होता, ना तिची नोंद कुठल्या स्पर्धेच्या यादीत आहे. पण आयुष्यात पहिल्यांदा त्या उंचीच्या मैदानावर तो आपल्या लोकांच्या बाजूने खेळत होता, आणि समोर ती जर्सी होती जी तो स्वतः घालत आला होता.

या मॅचनंतर फ्रान्समध्ये गलका उठला की या माणसाला टीममध्ये परत घ्या. घेतलं. नऊच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला हॅनोव्हरमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध तो उतरला. फ्रान्स ३-१ ने जिंकला, पण बेन बारेक जखमी होऊन पहिल्याच हाफमध्ये बाहेर आला. ती त्याची शेवटची आंतरराष्ट्रीय मॅच.

आता हिशेब बघा. पहिली मॅच १९३८ च्या जगज्जेत्यांशी, शेवटची १९५४ च्या जगज्जेत्यांशी. मधे पंधरा वर्षं दहा महिने. फ्रान्सच्या पुरुष टीममध्ये इतका लांब काळ कोणाचाच नाही. आणि इतक्या वर्षांत मॅच किती? फक्त १७. गोल ३. पहिला वर्ल्ड कप सहा महिन्यांनी हुकला, शेवटचा तीन महिन्यांनी. पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये, युरोपियन कप सुरू झाला. त्याच वर्षी बेन बारेकने मार्सेल सोडलं. तेही हुकलं.

त्या ऑक्टोबरला आणखी एक अर्थ नंतर आला. भूकंपाच्या मॅचला महिनाही झाला नव्हता, तोच १ नोव्हेंबर १९५४ ला अल्जेरियाच्या स्वातंत्र्याचं युद्ध सुरू झालं. त्या रात्री पार्क दे प्रँसवर खेळलेल्यांपैकी मुस्तफा झितुनी आणि अब्दुल अझीझ बेन तिफूर हे दोघे एप्रिल १९५८ मध्ये गुपचूप फ्रान्स सोडून निघाले आणि स्वातंत्र्यलढ्याच्या अल्जेरियन टीममध्ये सामील झाले. झितुनी आणि रशीद मेखलुफी तर वर्ल्ड कपसाठी फ्रान्सच्या टीममध्ये जाणार होते. वर्ल्ड कप सोडून दिला त्यांनी. बेन बारेकला जे शेवटपर्यंत मिळालं नाही, ते या पोरांनी स्वतःहून परत केलं. कोणी मोठा, कोणी छोटा असं आम्ही म्हणणार नाही. १९३८ मध्ये जो दरवाजा होता तोच ठोठावता येत होता. १९५८ मध्ये दुसरा दरवाजा उघडला होता.

परत घरी

एक सीझन अल्जेरियातल्या सिदी बेल अब्बेसच्या क्लबबरोबर काढून तो घरी आला. मार्च १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला. मोरोक्कोची पहिली राष्ट्रीय टीम उभी राहिली, ऑक्टोबर १९५७ मध्ये बैरूतला अरब देशांच्या खेळांत इराकशी पहिली मॅच ३-३ अशी बरोबरीत सुटली, आणि त्या सुरुवातीच्या टीमला घडवायचं काम बेन बारेककडे होतं. जर्सी अखेर शिवली गेली, पण घालायचं वय निघून गेलं होतं. पुढे काही वर्षं त्याने देशात कोच म्हणून काम केलं आणि हळूहळू बातम्यांतून नाहीसा झाला.

त्याच्या खेळाच्या फिल्म फार थोड्या आहेत. जगाने नंतर ज्यांना देव मानलं त्या पेले, मॅराडोना यांना टीव्ही होता. बेन बारेकला रेडिओ होता, वर्तमानपत्र होतं आणि पाहिलेल्यांच्या आठवणी होत्या. ते पाहिलेले लोक म्हातारे झाले, गेले, आणि आठवणीही त्यांच्याबरोबर गेल्या. पेलेच्या नावावर बेन बारेकविषयीचं एक वाक्य इंटरनेटवर सारखं फिरत असतं. आम्ही ते मुद्दाम इथे देत नाही. बेन बारेकला मोठं ठरवण्यासाठी पेलेच्या शिफारशीची गरज का पडावी?

१९७० मध्ये मोरोक्को पहिल्यांदा वर्ल्ड कप खेळला. १९८६ मध्ये पोर्तुगालला हरवून, गटात पहिला येऊन पुढच्या फेरीत गेला. आफ्रिकेतल्या कुठल्याही देशासाठी तेही पहिल्यांदाच होतं. दोन्ही वेळा बेन बारेक हयात होता. वर्ल्ड कपमधला मोरोक्को त्याने पाहिला, एवढं समाधान आम्ही मानून घेतो.

१६ सप्टेंबर १९९२ ला कासाब्लांकातल्या घरात त्याचा इंतकाल झाला. घरात तो एकटा होता. ज्याच्यासाठी दोन देशांतली स्टेडियम भरत होती, तो गेल्याचं लोकांना कळलं ते काही दिवसांनी. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

१९९८ मध्ये फिफाने त्याला आपला सन्मान दिला, मरणानंतर सहा वर्षांनी. त्या वर्षीचा वर्ल्ड कप फ्रान्समध्ये होता आणि फ्रान्सला तो जिंकून देणारा झिनेदिन झिदान हा अल्जेरियातून आलेल्या मजुराचा मुलगा, मार्सेलमध्ये जन्मलेला. साठ वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतून आलेल्या एका पोराला याच शहराने खांद्यावर घेतलं होतं.

कासाब्लांकात फ्रेंचांच्या काळातलं एक जुनं स्टेडियम आहे. पूर्वी त्याला फिलिप स्टेडियम म्हणायचे. आता त्याच्या गेटवर लार्बी बेन बारेकचं नाव आहे.